खूण वरच्या बाजूला

३ फेब्रुवारी

दगड कापला आणि आत फूल निघालं.

एवढं एक वाक्य लिहायला ही डायरी काढली. लेकीने वाढदिवसाला दिली होती, कपाटात कोरीच पडून होती. माझ्याकडे रोज लिहिण्यासारखं घडतं काय? दगड येतात, मी कापते, घासते. कधी पान निघतं, कधी देठ, कधी लाकूड. खाणीतून येणाऱ्या ह्या काळपट गारगोटीत झाडाचं सगळं सापडतं, फूल सोडून. पाकळी दोन दिवसांत कुजते. ती दगडात टिकायची तर झाडावरून पडल्या पडल्या गाडली जायला हवी. अशी नशीबवान फुलं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. नशीबवान म्हणायचं की कमनशिबी, ते त्यांनाच विचारायला हवं.

मिऱ्याएवढं आहे. करवतीने नेमकं आडवं कापलं गेलं. वरच्या तुकड्यात पाकळ्यांची नुसती टोकं गेली, बाकी सगळं फूल खालच्या तुकड्यात आहे. पाच पाकळ्या एकमेकींवर मिटलेल्या. म्हणजे कळीच. उमलायच्या आत संपली.

साहेबांना दाखवलं. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख, माझ्याहून वयाने बरेच लहान आणि माझ्याशी बोलताना कायम घड्याळाकडे बघणारे. म्हणाले, "अभिनंदन, बाई. पण एकच आहे ना?"

"एकच आहे."

"एकावर नवीन जात कोणी मान्य करत नाही हो. एक म्हणजे योगायोग. दुसरं मिळालं तर बघा."

"फुलं काय मी मंडईतून आणते?" मी म्हटलं. ते हसले. मी हसले नव्हते.

मेअखेर मी निवृत्त होणार. त्यानंतर प्रयोगशाळेची किल्ली दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात. इतकी वर्षं इतरांनी नावं दिलेल्या झाडांच्या फांद्या मी ओळखत बसले. आता हे फूल कोणाचं, कुठल्या कुळातलं, ते मला ठरवायचं आहे, आणि जाण्याआधी ठरवायचं आहे.

घरी येऊन रेघोबाला सांगितलं. रेघोबा म्हणजे माझा नवरा. आमच्याच संग्रहालयाच्या चित्रशाखेत त्याचा जन्म गेला. त्याची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, म्हणून सगळे त्याला रेघोबा म्हणायला लागले, आणि मी दगड घासते म्हणून तो मला दगडूबाई म्हणतो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि तेव्हापासून खिडकीत बसून माझ्या घरकामातल्या चुका काढतो.

"मग उद्यापासून येतो," म्हणाला. "पगार काय देणार?"

"चहा."

"दोन वेळा. आणि बिस्किटं माझ्या आवडीची."

६ फेब्रुवारी

सुरुवात झाली. पद्धत लिहून ठेवते.

काचेवर कुरुंदाची पूड आणि पाणी घालून दगड घासायचा. केसाच्या जाडीइतकाच. धुवायचा, मायक्रोस्कोपखाली ठेवायचा, वर पाण्याचा थेंब टाकायचा. मग रेघोबा दिवा फिरवत फिरवत बघतो आणि काढतो. मायक्रोस्कोपला एक छोटा आरसा लावलेला आहे, त्यातून दगड आणि कागद एकाच वेळी दिसतात, पेन्सिल दगडावरूनच फिरवल्यासारखी. फोटोही काढतो, पण फोटोत तपकिरीवर तपकिरी, काही सुटं दिसत नाही. चित्र झालं की पुन्हा घासायचं. असं वरून खाली, थराथराने, फूल वाचत जायचं.

वाचत म्हणजे संपवत. घासलं ते गेलं. शेवटी दगड नसतो, फूल नसतं, चित्रंच असतात.

म्हणून आमचे दोन नियम आहेत, लग्नाइतके जुने. दगडाच्या कडेला मी एक खाच करते. ती खूण कायम वरच्या बाजूला, म्हणजे चित्रं एकावर एक बरोब्बर बसतात. आणि तो काढणार, मी चित्र आणि दगड ताडून बघणार, मगच घासणार. लग्न बऱ्याच वेळा डळमळलं, हे नियम नाहीत.

ताडून बघताना आज त्रास झाला. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात पिकलेला. सगळं बटर पेपरातून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणतात आत्ता ऑपरेशन करा. मी म्हणते जूनमध्ये. डोळ्याला पट्टी बांधून महिनाभर बसायला मला आत्ता वेळ नाही.

पहिलं चित्र सुरेख आलं. पाचही पाकळ्या, आणि कडेची लव सुद्धा त्याने सोडली नाही.

१५ फेब्रुवारी

काम छान चाललंय. रेघोबा मात्र वैतागलेला असतो. सकाळी पेपर वाचताना म्हणाला, "हल्ली बातम्या लिहिता येत नाहीत कोणाला. वाक्य कुठूनही सुरू होतं." मी बघितलं, मला तर ठीक वाटली. पण माझ्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार?

प्रयोगशाळेच्या दाराला खांदा आपटला. काल आपटला होता तोच. "दार अरुंद केलंय का ह्यांनी?" म्हणाला. मी म्हटलं, दार तेवढंच आहे, बिस्किटं जास्त झाली.

कागद वाया घालवतो आहे. चित्र अगदी उजवीकडे सरकवून काढतो, डावीकडे एवढी मोठी मोकळी जागा. जन्मभर दुसऱ्यांना समास शिकवणारा माणूस! बोलले तर म्हणतो, "मोकळी कुठे आहे?" वाद घालण्यात अर्थ नाही. खाच वर आहे, प्रमाण बरोबर आहे, बस.

२३ फेब्रुवारी

आज जेवणाआधीच लिहायला बसले.

पाकळ्यांच्या आत उतरलो. पुंकेसर लागले. पाच पाकळ्यांच्या फुलात पाच पुंकेसर, नाहीतर दहा, असं काहीतरी धरून चालले होते. रेघोबाने तीन काढले. तिन्ही एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला काही नाही.

"बाकीचे?" मी विचारलं.

"असते तर काढले नसते का?"

मी मायक्रोस्कोपला डोळे लावले. उजवीकडचे तीन दिसले, धूसर पण दिसले. डावीकडेही काहीतरी गोलसर असल्यासारखं वाटलं. दिवा फिरवला, पुन्हा वाटलं. चष्मा पुसला, डोळे चोळले, मग काहीच धड दिसेना. "इथे काही नाही ना?" मी बोट दाखवून विचारलं. तो वाकला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दगडूबाई, तुझ्या डोळ्यात जाळी आहे, तीच दिसतेय तुला."

खरंच आहे ते. माझा डोळा मला रोज फसवतो. दिव्याभोवती कडं दाखवतो, पायऱ्या दोन-दोन दाखवतो. त्याची नजर मात्र कधी चुकलेली नाही; त्याने काढलं नाही म्हणजे तिथे नाही. मी दगड काचेवर घेतला आणि घासला.

एका बाजूला पुंकेसर असलेली फुलं आज आहेत, पण इतक्या जुन्या दगडात? असं फूल कोणाला सापडल्याचं मी वाचलेलं नाही. येताना रस्त्यात मी त्याचा हात धरला. कित्येक वर्षांत धरला नव्हता. थंडगार होता आणि त्याने माझा हात परत धरला नाही. लाजला असेल.

२ मार्च

रविवार. भांडण.

अर्धं ताट तसंच टाकून वर म्हणतो, "भाजी वाढ ना अजून." मी म्हटलं, "समोर आहे ती कोण खाणार?" तर ताटाकडे असं बघतो जसं मी थट्टा करतेय. शेवटी मीच रागाने ताट गर्रकन फिरवलं आणि आदळलं. मग त्याने निमूट सगळं खाल्लं. "हे आधी कुठे होतं?" म्हणे.

निवृत्तीनंतर पुरुष लहान मूल होतात हे मैत्रिणींकडून ऐकलं होतं. आपल्या घरात ते नाही असं मला उगाच वाटायचं.

११ मार्च

अंडाशय लागला, म्हणजे फुलाच्या मधला तो फुगीर भाग जिथे पुढे बिया धरतात. खरी ओळख त्याच्यावरून पटते. आत किती कप्पे, बिया कुठे चिकटलेल्या. रेघोबाने दोन कप्पे काढले, उजव्या अंगाला, आणि डावीकडे भिंत सुद्धा नाही. रेघ येते आणि थांबते.

फूल आत जावं तसं एकांगी होत जातं! वर पाच पाकळ्या, नंतर चार दिसतात, मग तीन पुंकेसर, मग दोन कप्पे. जणू फूल एका बाजूने हळूहळू विरत गेलंय. असं कुळ आज कुठेही नाही. मी दिवसभर ग्रंथालयात बसून भिंगाने पुस्तकं चाळली.

साहेबांकडे चित्रं पसरली. पहिल्यांदा त्यांनी घड्याळ बघितलं नाही. मग म्हणाले, "अर्धं किड्याने खाल्लं असेल, बाई. किंवा दबलं असेल."

"खाल्लेली कड कुरतडलेली दिसते. दबलेली सुरकुतते. ही बघा, रेघ किती स्वच्छ थांबलीये."

"रेघ स्वच्छ आहे, मान्य. पण दुसरं फूल मिळालं असतं तर..."

पुन्हा तेच पाढे. मी चित्रं गोळा केली आणि उठले.

ताडून बघणं मी बंद केलंय. उगाच डोळ्यांना ताण आणि त्याचा अपमान. वेळही वाचतो.

रात्री लेकीचा फोन, चेहरा दाखवणारा. "आई, बाबांनी दाढी अर्धीच का केलीये?" मी म्हटलं, नवीन फॅशन असेल. ती हसली नाही. "आणि ते माझ्याकडे बघत का नाहीत? मी बोलतेय आणि ते तिसरीकडेच बघतायत." मी म्हटलं, तू वर्षातून एकदा येतेस, ते रागावलेत. हे बोलायला नको होतं. तिने लगेच फोन ठेवला.

१९ मार्च

निबंध पाठवला. एकांगी फुलाचं नवं कुळ, चित्रं अमुक यांची. त्याचं नाव माझ्या नावाच्या शेजारी घातलं, खाली आभारात नाही. त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "चित्रकाराचं नाव वर? तुझी बढती गेली समज." पण खूश झाला. दिवसभर शीळ घालत होता.

संध्याकाळी एकाच पायात चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. दुसरी दाराशीच होती. मी हसून हसून बेजार. तो हसला नाही, पायाकडे बघत राहिला. नंतर म्हणाला, डोकं दुखतंय. चष्म्याचा नंबर वाढला असणार. जूनमध्ये दोघेही एकदमच डोळे तपासून घेऊ.

२७ मार्च

रेघोबा जिन्यावरून पडला.

उतरताना कठड्याकडे हातच नेला नाही. शेजाऱ्यांनी उचलला. कपाळाला टाके, मनगट मुरगळलं. उजवं नाही, डावं, म्हणून मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर पहिला विचार तोच आला: काढायचा हात शाबूत आहे.

लेक सगळं टाकून आली. आल्या आल्या बापाच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि "बाबा" म्हणाली. तो समोर बघून म्हणाला, "कोण आलंय? दार कोणी उघडलं?" ती चालत दुसऱ्या बाजूला गेली. "अरे, तू! कधी आलीस?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. "आई, हे कधीपासून?"

मी म्हटलं, हे म्हणजे काय?

२९ मार्च

दवाखान्यातलं लिहायचं आहे. लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई तरुण, शांत. त्यांनी बोटं हलवून बघितली, हात दाबून बघितले. मग एक कागद घेतला आणि त्यावर पेनाने फूल काढलं. शाळेत पोरं काढतात तसं. मध्ये गोल, भोवती पाकळ्या, खाली देठ, देठाला दोन पानं. कागद रेघोबापुढे ठेवला. "काका, ह्याच्याखाली असंच काढाल?"

रेघोबा हसला. "हे? ह्याला फूल म्हणतात तुमच्यात?" पेन्सिल मागून घेतली, टोक बघितलं, आणि काढलं.

किती सुंदर काढलं. देठावर लव काढली, पानाला शिरा काढल्या, पाकळीला कड वळवली. त्याची ती रेघ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीची. उजवीकडच्या पाकळ्या, उजवीकडचं पान. मधला गोल वरून आला आणि अर्ध्यावर स्वच्छ थांबला. डावीकडे काही नाही.

"झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झालं की."

"पूर्ण?"

"बघा ना तुम्हीच."

लेकीने तोंडावर हात ठेवला. मी मात्र त्या थांबलेल्या रेघेकडे बघत होते. मी ती ओळखत होते. महिनाभर रोज बघत होते. तिच्यावर मी एक अख्खं कुळ उभं केलं होतं.

मी आधी त्याचा विचार केला नाही. इथे खोटं लिहून काय मिळणार? मी आधी फुलाचा विचार केला. उठून बाहेर गेले आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. मनात एकच: मी अर्धं फूल घासून टाकलं. तिथे होतं ते, आणि मी घासलं. आणि मग, त्यानंतर, कळलं की आत खोलीत माझा नवरा बसलाय आणि त्याला काहीतरी भयंकर झालंय.

३० मार्च

सगळी चित्रं जमिनीवर ओळीने मांडली. पहिल्या चार-पाचांत फूल पूर्ण आहे. मग एक पाकळी जाते. मग पुंकेसर. मग भिंत. फूल विरत नव्हतं. तो विरत होता, आणि मी घासत होते.

फोटो काढून बघितले. तपकिरीवर तपकिरी.

डावीकडे काहीतरी गोलसर. मला दिसलं होतं. आयुष्यात एकदाच माझा डोळा खरं बोलला आणि मी त्याला गप्प बसवलं.

४ एप्रिल

मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ. मोठी आहे, खोल आहे. काढायला गेलं तर जे उरलंय तेही जाईल, असं सर्जनचं म्हणणं. औषधाने सूज उतरेल, काही दिवस बरे जातील. "काही म्हणजे किती?" लेकीने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उन्हाळा काढतील." मग म्हणाल्या, "कदाचित."

मी विचारलं, त्यांना डावीकडचं दिसत नाही का? त्या म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत. दिसतं. पण डावी बाजू म्हणून काही असते, हेच मेंदू विसरलाय. त्यामुळे काही राहून गेलंय असं त्यांना वाटतच नाही. समजावून उपयोग होणार नाही, रागावू नका त्यांच्यावर."

मी ताट आदळलं होतं. चपलेवर हसले होते. थंड हाताला लाजणं समजले होते. अजून काय काय आठवायचं राहिलंय कोण जाणे.

मी विचारलं, फेब्रुवारीतच आणलं असतं तर? त्यांनी मला पाणी दिलं.

११ एप्रिल

निबंध मागे घेतला. चार ओळी लिहायला अख्खा दिवस गेला. कारण काय लिहू? "चित्रांत त्रुटी" असं लिहिलं आणि खोडलं. "ताडून न पाहिल्यामुळे झालेली माझी चूक" असं लिहिलं.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते खुर्चीतून उठून दार लावून आले. "बाई, दगड किती उरलाय?"

एक पापुद्रा उरलाय. फुलाचं बूड, जिथे देठ फुलाला मिळतो. अंडाशयाचा डावा भाग कुरुंदाच्या गाळातून मोरीत गेला. उरलेल्या अर्ध्यावरून अंदाज करता येईल, पण अंदाजाला नाव देता येत नाही. बुडाशी निदान एवढं कळेल की फूल खरंच एकांगी होतं की चांगलं सगळीकडून सारखं. कोणीतरी नीट नजरेचं माणूस ते काढून देईल, साहेब म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडे माणूस आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. मायक्रोस्कोप घरी न्यायची परवानगी मात्र दिली, गाडीही दिली.

२० एप्रिल

औषधाने डोकेदुखी थांबलीये. रेघोबा आज चांगला होता. निबंध मागे घेतल्याचं त्याला सांगितलेलं नाही. लेक म्हणते सांगू नकोस. मी कसं सांगणार? तुझी नजर चुकली, म्हणून? त्याला ती चुकलेली दिसतच नाही.

खिडकीशी टेबल लावलं. दगड ठेवला, खूण वरच्या बाजूला, पाण्याचा थेंब टाकला. "हा शेवटचा थर," मी म्हटलं.

"घाई आहे का?" तो म्हणाला.

"नाही."

देठातून पाकळ्यांकडे जाणाऱ्या नळ्यांचे झुबके बुडाशी दिसतात. त्याने उजवीकडचे काढले. हात अजून तसाच. सावकाश, जीभ दातांत धरून, त्याची जुनी सवय. "झालं."

मी कागद काढून घेतला. मग मला ताट आठवलं. आधी कुठे होतं हे, म्हणाला होता. मी दगड उचलला आणि उलटा फिरवून ठेवला. खूण खाली. इतक्या वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं, बोटं ऐकेनात. नवीन कागद लावला.

"आता हे काढ."

त्याने डोळे लावले आणि एकदम मान वर केली. "हे दुसरं कुठे सापडलं तुला?"

मी खाली गेलेल्या खुणेकडे बघितलं.

"अगं, हे दुसरं फूल आहे. झुबके बघ कसे वेगळे आहेत. सांगितलं नाहीस मला."

"आत्ताच सापडलं."

"त्याच दगडात?"

"त्याच दगडात. शेजारीच होतं."

तो इतका हसला की कपाळावरच्या व्रणाला हात लावला. "मग आता त्या तुझ्या साहेबाला सांग. एक म्हणजे योगायोग म्हणतो ना? झाली दोन. आता नाव द्यावंच लागेल त्याला." आणि पुन्हा वाकून काढायला लागला. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली. मी तिथेच त्याच्या उजव्या बाजूला बसून राहिले.

२१ एप्रिल

दोन्ही कागद कापून जोडले. रेघेला रेघ बरोबर मिळाली, कुठे सांधा दिसत नाही. पाच झुबके. सारख्या अंतरावर, गोल, सगळीकडून सारखे. एकांगी वगैरे काही नव्हतं. साधं, नीट, चारचौघांसारखं फूल होतं. कुठल्या कुळातलं ते आता कोणालाच कळणार नाही.

साहेबांना कळवलं. त्याला नाही.

त्याने सकाळी विचारलं, "तिसरं आहे का?"

"बघते," म्हटलं, आणि दगड आडवा फिरवून ठेवला.

९ मे

रोज एक फूल मागतो. मी दगड थोडा फिरवते, त्याला नवीन सापडतं. प्रत्येकाला तो काहीतरी म्हणतो: हे थोराड, हे लाजरं, हे तुझ्यासारखं हट्टी. कागदांचा गठ्ठा झालाय. लेकीने रजा वाढवली. ती त्याच्या पेन्सिलींना टोक करून देते आणि उजव्या बाजूने बोलते.

झुबके कमी होत चाललेत. परवा दोन होते, काल एक.

१६ मे

आज उठून बसवत नव्हतं. तरी दगड मागितला. मी पाठीला उशा लावल्या, कागद हाताखाली धरला, तो हलू नये म्हणून लेकीने दुसरी कड धरली. बराच वेळ लागला. मग पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला, "हे सगळ्यात चांगलं आलंय, दगडूबाई. ताडून बघ."

मी दगडाला डोळा लावला, कागदाला डोळा लावला. कागदावर एक रेघ आहे. उजव्या कडेला, छोटीशी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीची.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तो झोपल्यावर मी खाली तारीख घातली, आणि खूण कुठल्या बाजूला होती ते लिहिलं.